मी माझ्याच प्रार्थनेनं पडले

आमच्या मंडळीत प्रार्थना मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणायची पद्धत नाही. निवडणूक लागली की हे बाहेरच्यांना बरोबर आठवतं. एरवी ज्यांनी चर्चचा रस्ता बघितलेला नसतो ती माणसं रविवारी सकाळी पांढरे कपडे घालून येतात, चपला दारात काढतात आणि मागं सतरंजीवर मांडी घालून बसतात. उपदेश संपला की पंच त्यांना पुढं बोलावतात. ते मान खाली घालतात, प्रार्थना होते, सगळे आमेन म्हणतात आणि ते गाडीत बसून पुढच्या कार्यक्रमाला जातात. एकाच रविवारी दोन्ही पॅनेलची माणसं येऊन गेलेली मी पाहिली आहेत. दोघांनाही आमेन. गावात लोक हसून म्हणतात, चर्चवाल्यांचं आमेन काय, ते सगळ्यांनाच मिळतं. मला याचा राग येतो, पण त्यांचं चुकतं असं काही मला म्हणता येत नाही.

मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका होते. नोकरीची बरीच वर्षं भंडारदऱ्याकडच्या वाड्यावस्त्यांवर गेली. आमचे हे नागापूरच्या एमआयडीसीत फिटर होते. दोघंही रिटायर झालो आणि श्रीगोंद्याच्या रस्त्यावरच्या आमच्या गावी सासूबाईंजवळ येऊन राहिलो. गावात ख्रिस्ती घरं चाळीसेक. त्यांना लागूनच बौद्धांची वस्ती. दोन्ही मिळून एक वॉर्ड. हा वॉर्ड बहुतेक वेळा अनुसूचित जातीसाठी राखीव असायचा, म्हणजे शेजारचे उभे राहू शकायचे आणि आम्ही नाही. तीन-चार पिढ्यांमागं आम्ही सगळे एकाच पाणवठ्यावरून हाकलले जाणारे लोक. आमच्या पणज्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि कागदावरून आमची जात गेली. गावाच्या मनातून ती गेली नाही, पण गावाच्या मनाचा दाखला कुठल्या कचेरीत मिळत नाही.

शेजाऱ्यांवर मी कधी रागावले नाही. सरकारवर मात्र जन्मभर रागावलेली आहे. आमच्यातल्या काहींनी पोरांच्या दाखल्यावर जुनी जात तशीच ठेवली आणि रविवारी चर्चला येतात. त्यांनाही मी बोल लावत नाही, नोकऱ्या लागायच्या असतात. माझ्या दाखल्यावर मात्र माझ्या वडिलांनी ठसठशीत 'ख्रिस्ती' लिहून ठेवलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. अभिमानावर ग्रामपंचायतीत जाता येत नाही, एवढंच.

मागच्या निवडणुकीला सोडत निघाली आणि आमच्या वॉर्डातली एक जागा सर्वसाधारण स्त्रीसाठी आली. म्हणजे कुठल्याही बाईला उभं राहता येणार होतं, आमच्यातल्यासुद्धा. मला राजकारणाची हौस नव्हती. आयुष्यभर निवडणुकीच्या ड्युट्या केल्या होत्या, मतपेट्या सांभाळत शाळेच्या फरशीवर झोपले होते, तेवढं राजकारण मला पुरेसं होतं. मी उभी राहिले ती कबरस्थानासाठी.

आमचं कबरस्थान गावाच्या अलीकडं, मोठ्या रस्त्याला लागून आहे. मिशनच्या काळापासून आमची माणसं तिथं पुरलेली आहेत. पण सातबाऱ्यावर ती जमीन गायरान म्हणून आहे, कबरस्थान असा शब्द कुठंच नाही. मिशनचे साहेब कागद करायचे विसरले आणि आमच्या लोकांनी ते कधी मागितले नाहीत. रस्ता रुंद झाला, शुगर फॅक्टरीच्या वाहनांची वर्दळ वाढली, आणि त्या जागेला एकाएकी भाव आला. गावातल्या मोठ्या पॅनेलच्या पुढाऱ्यांनी, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, तिथं ग्रामपंचायतीचे गाळे बांधायचं मनावर घेतलं.

माझे सासरे तिथं आहेत. त्यांच्या उजव्या हाताची जागा सासूबाईंनी स्वतःसाठी धरून ठेवली होती. दर नाताळाच्या आधी चुना मारायला गेल्या की त्या जागेवरचं गवत त्या स्वतः उपटायच्या आणि मला म्हणायच्या, "हितं कुनाला येऊ दिऊ नको बरं." नव्वदीला टेकलेली बाई. तिला दुसरं काही मागायचं नव्हतं. मुलगा नीट बोलत नाही, सुनेला भाकरी पातळ जमत नाही, या सगळ्याची तक्रार तिनं कधीच सोडून दिली होती. एवढी एक जागा.

म्हणून मी अर्ज भरला. माझं चिन्ह शिट्टी. आमचे हे म्हणाले, "जन्मभर पोरांवर शिट्ट्या मारल्यास, आता गावावर मार." ते स्वतः मोटरसायकलवर मागं मला बसवून दारोदार फिरले. शेजारच्या वस्तीत तर आम्हाला चहा घेतल्याशिवाय कुणी सोडलं नाही. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी गावच्याच शाळेत होते, तेव्हाचे तिथले एक माझे विद्यार्थी, आता त्यांचे केस पिकलेत, म्हणाले, "बाई, आज तुमच्या कबरस्थानावर आलंय, उद्या आमच्या विहाराच्या जागेवर येईल. आमची मतं धरून चाला." मी खरंच धरून चालले. आमच्या चाळीस घरांची तर मला काळजीच नव्हती. घरचीच ती. तिथं काय मत मागायचं, असंच मला वाटलं.

तात्यांनी माझ्यासमोर त्यांची धाकटी सून उभी केली. शिकलेली, शांत पोरगी. बोलायला लागली की आधी सासऱ्यांकडं बघायची. तिच्याबद्दल मला आजही वाईट बोलता येत नाही.

मतदानाच्या आधीच्या रविवारी ती चर्चमध्ये आली. बरोबर तात्या, दोन-चार माणसं आणि केळ्यांचा एक घड. प्रार्थनास्थळात प्रचार करायचा नाही हा नियम मला तोंडपाठ होता, जन्मभर ड्युट्या केलेल्या. मी तो तात्यांना दारातच हळूच सांगितला. तात्या हात जोडून म्हणाले, "बाई, प्रचार कुठं करतोय? देवाच्या पाया पडायला आलोय." दारातून देवाकडं आलेल्या माणसाला परत पाठवणारी मी कोण?

आमचे पाळकसाहेब तालुक्याहून येतात, तेही एकाआड एक रविवारी. मधल्या रविवारी मंडळीतल्याच कुणाची तरी पाळी असते. त्या रविवारी पाळी माझी होती. अर्ज भरायच्या कितीतरी आधी लागलेली पाळी. बदलून घ्यावी हे मला सुचलं नाही आणि दुसऱ्या कुणालाही सुचलं नाही. मी वचन वाचलं, चार शब्द बोलले, गायन झालं. मग आमचे म्हातारे पंच उठले. भला माणूस, आयुष्यात कुणाला दुखावलेलं नाही, आणि तीच त्यांची खोड. ते म्हणाले, "पाहुण्यांसाठी प्रार्थना करायची हाय. पाळी बाईंचीच हाय. बाई, करा."

सगळी मंडळी माझ्याकडं बघत होती. ती पोरगी पुढं आली, डोक्यावरून पदर घेतला आणि माझ्या पुढ्यात गुडघे टेकले. तिला हे सगळं नवीन होतं, भीती वाटत असणार. आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

लोक नंतर मला म्हणाले, बाई, दोन शब्दांत आटपायचं ना. ज्यांनी कधी प्रार्थना केली नाही त्यांना हे सोपं वाटतं. डोळे मिटले की प्रार्थना आपल्या चालीनं चालते. लहानपणापासून कानावर पडलेली वाक्यं एकामागून एक येतात. परीक्षेला बसणाऱ्या पोरासाठी तीच, ऑपरेशनला निघालेल्या म्हातारीसाठी तीच. हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, ही तुझी लेक तुझ्या दारी आली आहे, तिला रिकाम्या हातानं पाठवू नको. तिला बुद्धी दे, तिला बळ दे, तिचं पाऊल जिथं पडेल तिथं तू तिच्यापुढं चाल. जे काम तिनं हाती घेतलं आहे त्यात तिला यश दे.

हो, यश दे म्हटलं. मंडळी हुंदके देत होती. ती पोरगी रडत होती. खरं सांगायचं तर मीही रडत होते. कबरस्थान, शिट्टी, सासूबाई, सगळं त्या घटकेला डोक्यातून निघून गेलं होतं. समोर एक घाबरलेली लेक होती आणि वर देव होता. त्याच्यासमोर उभं राहून मी तिचं वाईट कसं चिंतायचं? आज कुणी मला तिथंच उभं केलं तरी मी हेच म्हणेन. तेव्हा मला पश्चात्ताप वगैरे काही नाही. मला संताप आहे, आणि तो नेमका कुणावर करायचा ते मला अजून सापडलेलं नाही.

आमेन असं जोरात झालं की पत्रे हलले. तात्यांनी मला वाकून नमस्कार केला. केळी पोरांनी तिथल्या तिथं संपवली.

मी पडले. अगदी मोजक्या मतांनी. तहसीलला मोजणी झाली तेव्हा शेजारच्या वस्तीची मतं मला मिळाली होती, हे आकड्यांवरून दिसत होतं. चर्चची मिळाली नव्हती. मी हिशेबाला कच्ची नाही, पण तिथं उभ्याउभ्या माझ्या डोक्यात काही शिरेना. आमचे हे म्हणाले, "चल, चहा घेऊ," आणि चहा न घेताच आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग लागलंच की ते."

"काय लागलं?"

"देवाला लागलं. तूच म्हनली न्हवं, हिला यश दे म्हून? म्या तिलाच दिलं मत."

आमचे हे ओरडले, "आई, अगं सुनेला सोडून?"

"ओरडू नको. ती देवाम्होरं इतकं रडून मागती आन मी शिट्टीवर बोट दाबू? देवाला खोटं पाडू व्हय? आन ही तर घरचीच हाय. हिला काय धाड भरलीय. त्या पोरीला गरज हुती म्हून ती मागाया आली."

नंतर कळलं, बऱ्याच बायकांनी हाच हिशेब केला होता. बाईंनीच प्रार्थना केली, बाईंनीच डोक्यावर हात ठेवला, म्हणजे बाईंचीच मर्जी. कुणी म्हणालं, बाईंनी माघार घेतली असेल, मोठ्या मनाच्या आहेत. काहींना नुसतं निमित्त हवं होतं, पोरगा फॅक्टरीत हंगामी लावायचा होता, तात्यांना नाराज करणं परवडणारं नव्हतं. त्यांना माझ्या प्रार्थनेनं निमित्त दिलं. पण बहुतेकांनी खरोखर श्रद्धेनं मला पाडलं. फसवून पाडलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

आमच्या लोकांना हा एवढाच कायदा कळतो, की आलेल्याचं भलं चिंतायचं. तो पाळून आपण कुठं येऊन पोचलो ते कुणी बघत नाही. मीही हाच कायदा शिकवला. रविवारच्या शाळेत पोरांना एका गालावर मारली तर दुसरा पुढं करायचा हे मीच पाठ करून घेतलं. दुसरा गाल पुढं केल्यावर ग्रामपंचायतीत काय होतं तो धडा कुठं नव्हता.

पुढचं सगळं रीतसर झालं. ग्रामसभा लागली, गाळ्यांचा ठराव आला. मी उभी राहिले आणि बोलले. चांगलं बोलले असं मला वाटतं. शेजारच्या वस्तीतले दोघे-तिघे माझ्या बाजूनं उठले. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाईंचा मला आदर हाय. जुन्या कबरींना कुनी हात लावनार न्हाई, मागनं कंपाउंड मारून दिऊ. नवी जागा देतो पाटाकडंला, हाय त्याच्या दुप्पट. रस्त्याचा धुरळा न्हाई का गोंगाट न्हाई. मंडळीनी सांगावं, चालंल का?" सगळे आमच्या पंचांकडं वळले. पंचांनी इकडंतिकडं बघितलं. एवढ्या माणसांत, एवढ्या गोडीनं विचारलं होतं. ते म्हणाले, "चालंल की." आमच्यातल्या दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

ती पोरगी, आता मेंबर, खुर्चीत खाली मान घालून बसली होती. बाहेर पडताना मला गाठून म्हणाली, "बाई, मी मामांना म्हणलं होतं. तुमच्या सासऱ्यांची तरी बाजू सोडा म्हणलं होतं." मामा म्हणजे तिचे सासरे, तात्या. मी म्हटलं, "मग?" ती म्हणाली, "ते म्हणले, तुला यातलं काय कळतं." मला तिची कीव आली आणि माझीही आली. देवानं तिला यश दिलं होतं, बुद्धीही तिच्याकडं आधीच होती. बळ तेवढं द्यायचं राहिलं होतं.

गाळ्यांचे खड्डे घेतले तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. आम्ही त्यांना सांगितलं नाही. पुढच्या गाळ्याचा एक कॉलम बरोबर सासऱ्यांच्या उजव्या बाजूला आला. आमचे हे रोज जाऊन बघून यायचे. सासूबाई विचारायच्या, "गवात काढलं का?" ते म्हणायचे, "काढलं."

त्या मार्चमध्ये गेल्या. आमचे हे आधी तात्यांच्या घरी जाऊन आले. एकच कबर, तीही नवराबायकोची शेजारी, कॉलम सोडून जरा तिरकी घेऊ, म्हणून विनवून आले. तात्यांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सासूबाईंच्या चार आठवणी काढल्या, आणि म्हणाले, "एकाला हो म्हनलं तर उद्या समद्यांना म्हनावं लागंल. ठराव झालाय, तुमच्याच पंचांनी चालंल म्हनलंय." तेही खरंच होतं.

पेटी टेम्पोत घालून पाटाकडं नेली. पाटाला उन्हाळी आवर्तन चालू होतं, काठोकाठ पाणी वाहत होतं. पोरांनी खड्डा घ्यायला सुरुवात केली तेव्हा वर कोरडा मुरूम होता. कमरेएवढं खाली गेले आणि बाजूनं पाणी पाझरायला लागलं. बादल्यांनी उपसलं, पुन्हा भरलं. मुरूम टाकला, त्याचा चिखल झाला. पाळकसाहेब पुस्तक उघडून थांबले होते. ऊन चढत होतं. बायका मला म्हणत होत्या, आत कसं ठेवायचं ओ म्हातारीला, पाण्यात?

कुणीतरी म्हणालं, वरचं गेट तासभर खाली केलं तर पाझर थांबेल. पाटाची गेटं सांभाळणाऱ्या पाटकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, इरिगेशनच्या साहेबाला विचारा. साहेब फोन उचलेना. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, त्या रविवारी बघत होते तसेच. मी मेंबर पोरीला फोन लावला. तिनं, "एक मिनिट हं बाई," म्हणून फोन तात्यांकडं दिला. मी काय म्हणाले ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी विनवणी करत होते आणि माझा आवाज वर्गातल्या चुकलेल्या पोरासारखा येत होता. तात्या म्हणाले, "बाई, आधी न्हाई का सांगायचं? थांबा दोन मिनिटं."

खरोखर दोन मिनिटांत पाटकऱ्याचा फोन वाजला. तो सायकलवरून गेटाकडं गेला. हळूहळू पाटातलं पाणी उतरलं, खड्ड्यातला पाझर थांबत आला. पोरांनी भराभरा उपसलं, वाळू पसरली, पेटी उतरवली. माती लोटताना पंच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, एका फोनवर पाणी थांबवलं. मानूस मोठा हाय." बऱ्याच माना हलल्या. एक बाई म्हणाली, देवानंच त्यांच्या मनात घातलं. शेवटी तात्या स्वतः गाडीनं आले, मातीला हात लावला आणि चप्पल हातात धरून बाजूला उभे राहिले. मी त्यांच्यापुढं हात जोडले. नाटक नव्हतं ते. मला त्यांचे खरेच उपकार वाटले होते, आणि त्या गोष्टीची जी शरम वाटते ती निवडणूक हरल्याच्या शरमेहून कितीतरी मोठी आहे.

आम्ही बांधावरून परत निघालो. निम्म्या वाटेवर आलो असू, तेवढ्यात पाटात पाण्याचा आवाज आला. गेट पुन्हा वर घेतलं होतं. खालच्या शेतकऱ्यांचं भरणं खोळंबलं होतं, त्यांनी तरी किती थांबायचं? माणसं बोलत बोलत पुढं गेली. आमचे हे तेवढे बांधावर उभे राहिले. पाणी चढताना बघत त्यांनी मला विचारलं, "आता आईपत्तर कितीक आलं असंल?"

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "घरी चला."